डिस्क उडाली तर कॉम्प्युटर किती वेळात उभा राहील?

३१ मार्च हा ‘वर्ल्ड बॅकअप डे’. २०११ पासून तो पाळला जातो आणि तारखेमागे एक विनोद आहे: दुसऱ्या दिवशी एप्रिल फूल व्हायचं नसेल, तर आदल्या दिवशी डेटाची नक्कल काढून ठेवा. हा विनोद करणाऱ्यांना भारतातलं आर्थिक वर्ष कधी संपतं हे माहीत नसावं. जळगावच्या दाणाबाजारातला व्यापारी काय किंवा धुळ्यातला कर सल्लागार काय, त्या दिवशी कोणी आपल्या कॉम्प्युटरला हात लावू देणार नाही. मग नक्कल राहून जाते ती राहूनच जाते. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश तापलेलं असतं, जीएसटीचं ‘थ्री बी’ भरायची २० तारीख तोंडावर असते आणि नेमकी तेव्हाच हार्ड डिस्क उडते.

अशा वेळी हिशेबाची फाईल बहुधा सापडते. टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यायची सवय बऱ्याच मुनिमांना आणि अकाउंटंटना लागली आहे, भरलेली रिटर्न पोर्टलवर असतात, बिलांचे छापील गठ्ठे कपाटात असतात. हरवतो तो जमवून आणलेला कॉम्प्युटर. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, पोर्टलवर सही उमटवणारं एमसाइनर, ई-सेवा केंद्रात बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस, जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, छापखान्यातले श्रीलिपीचे फॉन्ट आणि त्यांचं कुलूप. डाळमिलमध्ये किंवा जिनिंगमध्ये वजनकाट्याला जोडलेलं एखादं सॉफ्टवेअर असतं, ते बसवणाऱ्या माणसाचा फोन आता लागत नाही. नवी विंडोज मारायला तास-दीड तास पुरतो. ही बाकीची घडी पुन्हा बसवायला आठवडा जातो, आणि काही गोष्टी बसतच नाहीत. म्हणून फाइलींच्या नकलेच्या जोडीला आख्ख्या डिस्कची इमेज लागते.

फाइली कॉपी करणं आणि इमेज घेणं यात फरक आहे. सी ड्राइव्हमधलं सगळं दुसऱ्या डिस्कवर ओढून टाकलं तरी त्या डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू होत नाही. सुरू होण्यासाठी लागणारं ईएफआय विभाजन, रिकव्हरीचं विभाजन, डिस्कच्या माथ्यावरची विभाजनांची यादी हे सगळं एक्सप्लोररमध्ये दिसतच नाही. इमेज घेणारं सॉफ्टवेअर फाइली न मोजता डिस्कचे ठोकळे वाचतं. त्यातले फक्त वापरात असलेले ठोकळे उचलतं, दाबून लहान करतं आणि एका मोठ्या फाईलमध्ये भरतं. विंडोज चालू असतानाही हे जमतं, कारण व्हॉल्यूम शॅडो कॉपी नावाची विंडोजचीच एक सोय त्या क्षणाची डिस्क जणू गोठवून दाखवते. टॅली उघडं असताना घेतलेली इमेज त्यामुळे बहुधा ठीक निघते. तरी इमेज टॅली बंद करूनच घ्यावी, एवढी शिस्त परवडते.

आता कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं? यादी मोठी आहे. तुलनेचे तक्ते बहुधा इमेज किती मिनिटांत निघते, किती दाबली जाते, रंगीत पडदा कसा आहे यांवर गुण देतात. मला हा सगळा हिशेब उलट्या टोकाने मांडावासा वाटतो. मेलेली डिस्क काढून नवी लावली, समोर विंडोज नाही, इंटरनेट नाही, तिथून काम सुरू होईपर्यंत किती तास लागतात आणि ते काम कोण करू शकतो? या कसाला लावलं की पुष्कळ नावं आपोआप गळतात.

या शर्यतीतलं सर्वांत जुनं परिचित नाव घोस्ट. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या बायनरी रिसर्च या कंपनीत मरे हॅझर्ड यांनी ते १९९५ च्या सुमारास लिहिलं, १९९८ मध्ये सिमँटेकने कंपनी विकत घेतली आणि नॉर्टन घोस्ट घरोघर पोचलं. कॉम्प्युटर क्लासमध्ये वीस मशीन एकसारखी करायची म्हणजे ‘घोस्ट मारायचं’ हे तेव्हा ठरलेलं होतं. आजही एखाद्या जुन्या मेकॅनिकच्या पेन ड्राइव्हवर ते सापडेल. पण सिमँटेकने नॉर्टन घोस्टची विक्री २०१३ च्या एप्रिलमध्ये थांबवली. नव्या लॅपटॉपच्या एनव्हीएमई डिस्कवर त्यावर विसंबू नये.

विंडोजमध्येच एक सोय आहे, कंट्रोल पॅनेलच्या कोपऱ्यात ‘बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)’ या नावाने. आजही चालते. पण मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच ती यापुढे विकसित न करण्याच्या यादीत टाकली आणि लोकांनी दुसरं काही वापरावं असं सुचवलं. तिचा एक गुण खरा आहे: इमेज व्हीएचडीएक्स स्वरूपात असते, म्हणजे दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरवर जोडून आतली एखादी फाईल थेट काढता येते. दोष मात्र नेमके परत उभं करताना बाहेर येतात. मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्क चालत नाही, फोल्डरचं नाव बदललेलं असेल तर इमेज सापडत नाही आणि चूक दाखवणारा संदेश असा येतो की त्यातून काही कळू नये. दुसरं काहीच नसेल तेव्हा ही वापरावी.

लहान डिस्कचा मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा आहे. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये संथ झालेला कॉम्प्युटर घेऊन गेलं की पहिला सल्ला मिळतो तो ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी टाकायचा. सल्ला योग्यच आहे. पण मोठ्या डिस्कची इमेज लहान डिस्कवर उतरवणं प्रत्येक सॉफ्टवेअरला जमत नाही.

क्लोनझिलाची अडचण इथेच. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात स्टीव्हन शियाओ आणि सहकाऱ्यांनी बनवलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत प्रामाणिक काम आहे. पैसे नाहीत, नोंदणी नाही, जाहिरात नाही. पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करायचा, निळ्या-करड्या पडद्यावरच्या प्रश्नांना उत्तरं देत जायचं आणि इमेज घ्यायची. पण मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर ती सहजासहजी उतरत नाही. बदललेला भागच तेवढा उचलणं क्लोनझिलाला येत नाही, म्हणजे दर वेळी पूर्ण इमेज. कॉम्प्युटरही तेवढा वेळ बंद ठेवावा लागतो. शिवाय त्या पडद्यावर स्रोत आणि लक्ष्य यांची गल्लत झाली, तर चांगली डिस्कच पुसली जाते. ही भीती वाटणाऱ्यांसाठी रेस्क्यूझिला आहे. इंजिन तेच, पण खिडक्या आणि माऊस घेऊन. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा इमेज घ्यायची आहे त्याने रेस्क्यूझिलापासून सुरुवात करावी.

पैशाच्या बाजूला दोन मोठी नावं आहेत. ॲक्रोनिसचं ट्रू इमेज आज वार्षिक वर्गणीवर मिळतं. मध्यंतरी २०२१ मध्ये त्याचं नाव बदलून सायबर प्रोटेक्ट होम ऑफिस असं भलंमोठं केलं होतं, पुढे कंपनी पुन्हा जुन्या नावावर आली. आता त्यात अँटिव्हायरस, क्लाउड आणि आणखी बरंच भरलं आहे, म्हणजे जुन्या मशीनवर ते जड पडणार. ब्रिटनचं मॅक्रियम रिफ्लेक्ट जाणकारांचं लाडकं आणि तेही रास्त कारणाने: वेगळ्या हार्डवेअरवर इमेज उभी करण्याची त्याची सोय आणि रिकव्हरी पेन ड्राइव्ह बनवण्याची पद्धत दोन्ही उत्तम. पण त्याची फुकट आवृत्ती कंपनीने गुंडाळली. तिचे सुरक्षेचे दुरुस्ती-अपडेट १ जानेवारी २०२४ पर्यंतच होते. २०२४ मध्येच आलेल्या रिफ्लेक्ट एक्सपासून घरगुती आवृत्तीसुद्धा वर्गणीवर गेली. जुनी फुकट आवृत्ती कोणाकडे असेल तर ती चालते, पण तिच्यावर पुढची पाच वर्षं सोपवू नयेत.

एओमेई, ईझअस, मिनीटूल या चिनी कंपन्यांच्या फुकट आवृत्त्या बाजारात सर्वाधिक दिसतात. बॅकअप घेणं फुकट आणि नेमकी गरजेची सोय, विशेषतः डिस्कवरून डिस्कवर क्लोन, पैशाच्या आवृत्तीत, असा त्यांचा खाक्या आहे, आणि ही सीमा आवृत्तीगणिक सरकत असते. आज फुकट असलेलं वर्षाने नसेल. त्यांच्यापेक्षा फारसं कोणाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. वेस्टर्न डिजिटल, सीगेट, क्रुशियल, किंग्स्टन यांसारख्या डिस्क कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना ॲक्रोनिसची छाटलेली आवृत्ती बिनपैशाने दिलेली आहे. सीगेटची डिस्कविझार्ड ही त्यांतलीच. त्या कंपनीची डिस्क कॉम्प्युटरला जोडलेली असली की ती चालते. नवी एसएसडी घेतली असेल तर आधी कंपनीच्या संकेतस्थळावर हे पाहावं, मग दुसरीकडे जावं.

माझं मत विचाराल तर एकट्या विंडोज कॉम्प्युटरसाठी पहिली निवड वीम एजंटची फुकट आवृत्ती. कंपनी मोठ्या सर्व्हरांच्या बॅकअपमधून नावारूपाला आलेली, पण हे लहान साधन तिने एका-एका मशीनसाठी मोकळं ठेवलं आहे. पहिल्यांदा पूर्ण इमेज, त्यानंतर रोज फक्त बदललेला भाग, तोही बाहेरची डिस्क जोडली की आपोआप. तिचा रिकव्हरी मीडिया बनवताना तुमच्याच मशीनचे ड्रायव्हर त्यात भरले जातात. वरच्या कसाला हेच सर्वांत महत्त्वाचं. अवगुण एवढाच की इमेज वीमच्याच स्वरूपात असते आणि डाउनलोडसाठी नाव-पत्ता द्यावा लागतो. म्हणून वर्षातून दोनदा, दिवाळीत वहीपूजनाच्या आधी आणि एप्रिलमध्ये गर्दी ओसरल्यावर, रेस्क्यूझिलाने एक स्वतंत्र इमेज वेगळ्या डिस्कवर घ्यावी. दोन वेगळ्या साधनांच्या दोन इमेज एकाच दोषाने एकदम निकामी व्हायची शक्यता फार कमी.

कोणतंही साधन निवडा, ते फसतं बहुधा एकाच ठिकाणी: रिकव्हरीच्या पेन ड्राइव्हवर. अकराव्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची व्यवस्था चालू असते. तिचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर नसेल तर आतली डिस्क दिसतच नाही आणि माणूस घाबरून म्हणतो की नवी डिस्कही खराब निघाली. काही मशीनवर सिक्युअर बूट आडवं येतं. दुसरा खड्डा बिटलॉकरचा. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क न विचारता कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जाते. ते खातं दुकानदाराने घाईत कोणत्या तरी मेलवर उघडलेलं असतं. किल्लीचे ते ४८ अंक आजच कागदावर उतरवून ठेवा. कुलूप लागलेल्या डिस्कची बाहेरून, म्हणजे क्लोनझिलासारख्या साधनाने इमेज घेतली, तर रिकामी जागाही उचलावी लागते आणि ५०० जीबीची इमेज ५०० जीबीच होते. उलट चालू विंडोजमधून घेतलेली इमेज उघडी असते. तिच्यात शंभर-दोनशे अशिलांचे पॅन आणि आधार असतील, तर त्या बाहेरच्या डिस्कला पासवर्ड हवाच.

इमेज ठेवायची कुठे? क्लाउडचा हिशेब एकदा करून पाहा. २०० जीबीची इमेज, वर चढवण्याचा वेग सेकंदाला २० मेगाबिट, म्हणजे सलग बावीस तासांहून अधिक, तेही लाइट न जाता. यूएसबी ३ च्या साध्या हार्ड डिस्कवर हेच काम अर्ध्या-पाऊण तासात होतं, जुन्या यूएसबी २ वर पावणेदोन-दोन तासांत. म्हणून इथे बाहेरची डिस्कच बरी. क्लाउडवर चालू वर्षाच्या टॅलीचा फोल्डर जाऊ द्या, आख्खी इमेज नको. पेन ड्राइव्हवर इमेज घेताना तो फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, हे ‘डिस्क फुल’ म्हणून तक्रार करणाऱ्यांनी तपासावं. आणि उन्हाळ्याचं विसरू नये. बहुतेक हार्ड डिस्कना चालताना ६० अंशांपर्यंतची मुभा असते. बंद शटरमागच्या खोलीत कॅबिनेटवर ठेवलेली, तास-तास लिहिणारी डिस्क मे महिन्यात त्या रेषेच्या फार जवळ जाते. मोठी इमेज सकाळी घ्या, दुपारी नको. इन्व्हर्टरच्या भरवशावर तर मुळीच नको, कारण अर्धवट तुटलेली इमेज पूर्ण इमेजसारखीच दिसते. प्रत्येक चांगल्या साधनात ‘व्हेरिफाय’ असतं, ते चालवल्याशिवाय डिस्क कपाटात जाऊ देऊ नये.

लाइट जाण्याला शिव्या घालताना एक गोष्ट मला नेहमी आठवते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा सायबर हल्ला जगभर पसरला आणि मर्स्क ही जहाज कंपनी आडवी झाली. रावेर-यावलच्या केळीचे कंटेनर ज्या न्हावा शेवा बंदरातून आखाती देशांकडे जातात, तिथलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. कंपनीचं जाळं ओळखपत्रं तपासणाऱ्या सुमारे दीडशे सर्व्हरवर उभं होतं. ते सगळे सतत एकमेकांशी जुळवून घेत असत आणि त्यामुळेच वेगळा बॅकअप कशाला, असा समज होता. हल्ल्याने ते सगळे पुसले. वाचला फक्त घानामधला एक, कारण तिथे त्या वेळी वीज गेलेली होती. तिथलं इंटरनेट इतकं संथ की तो डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते. शेवटी डिस्क विमानाने नायजेरियापर्यंत नेली आणि तिथे दुसऱ्याच्या हाती देऊन इंग्लंडला पोचवली.

गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला बॅकअप समजणाऱ्यांसाठी ही कथा पुरेशी असावी. जुळवून घेणारी नक्कल चुकीही जुळवून घेते. बाहेरची डिस्कही कायम जोडलेली असेल तर रॅन्समवेअर आधी तिच्यावरच्या इमेज कुलूपबंद करतं. काम झालं की वायर काढायची. आणि कृपा करून इमेजचं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून वापरू नका. २०१८ पासून घरगुती कॉम्प्युटरांवर धुमाकूळ घालणारं स्टॉप-डीजेव्हीयू कुळातलं रॅन्समवेअर पसरलंच मुख्यतः अशा क्रॅकमधून. हायरन्सच्या जुन्या बूट सीडी अजून फिरतात. त्यांची नवी, विंडोज पीईवर आधारलेली आवृत्ती बरी आहे. जुनीत मात्र पैशाची सॉफ्टवेअरही विनापरवाना भरलेली असत.

महाविद्यालयं आणि एमएस-सीआयटीच्या केंद्रांचा प्रश्न वेगळा आणि सोपा आहे. तिथे तीस मशीन सारखीच असतात, एक नीट बसवायचं आणि बाकीच्यांवर नेटवर्कने एकदम उतरवायचं. क्लोनझिलाची सर्व्हर आवृत्ती किंवा फॉग हे दोन्ही बिनपैशाचे आहेत. मात्र मूळ मशीनवर आधी विंडोजचं सिसप्रेप चालवावं, नाहीतर सगळी मशीन स्वतःला एकच समजतात.

एका गोष्टीसाठी मात्र इमेज वापरू नये: जतनासाठी. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने राखावे लागतात. कंपनी असेल तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज हवा. इमेजचं स्वरूप सहा वर्षं टिकेल याची हमी कोणती कंपनी देईल? वर आलेली नावं पाहा: घोस्ट बंद, मॅक्रियमची फुकट आवृत्ती बंद, विंडोजची स्वतःची सोय वाऱ्यावर. हिशेब, स्कॅन, छायाचित्रं साध्या फाइली म्हणूनच राखायची, दोन-तीन ठिकाणी. धुळ्याला हे नव्याने सांगायला नको. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ वाग्देवता मंदिरासाठी ठिकठिकाणच्या मठांतून रामदासी बाडं गोळा केली. एकच ग्रंथ अनेक मठांत उतरून घेतलेला होता, म्हणूनच पाठ ताडून पाहता आला. राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेतल्या कागदांचं स्कॅनिंग करायचं झालं तरी नियम हाच: सर्वांना उघडता येईल असं स्वरूप, प्रत्येक फाइलीचा चेकसम आणि शहराबाहेर एक प्रत. इमेज ही त्या स्कॅनिंगच्या कॉम्प्युटरची घ्यावी, स्कॅनची नव्हे.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या प्रोसेसरची हजारो मशीन अधिकृतपणे विंडोज ११ वर जाऊ शकत नाहीत, काही जातील आणि वाटेत अडकतील. म्हणजे डिस्कमध्ये हात घालण्याचे प्रसंग पुढच्या काळात वाढणार. मेकॅनिकला अशा वेळी ‘बॅकअप घेतला का’ असं विचारू नका, तो हो म्हणेल. नवी एसएसडी विकत घ्या, इमेज तिच्यावर तुमच्यासमोर उतरवायला सांगा आणि जुनी डिस्क काढून ठेवून कॉम्प्युटर नव्या डिस्कवर सुरू करा. दोन्ही डिस्क एकदम जोडून सुरू करू नये. दोघींची ओळख एकच असल्याने विंडोज एकीला बंद ठेवतं किंवा गोंधळतं. टॅली उघडतं का, टोकनने सही होते का, प्रिंटर छापतो का हे पाहा. डिस्क किंवा मदरबोर्ड बदलल्यावर टॅलीचा परवाना कुरकुरला, तर तो पुन्हा चालू करून घ्यावा लागेल. सगळं चाललं तर नवी डिस्कच वापरात राहू द्या. जुनीवर तारीख लिहा, वजनकाट्याच्या त्या सॉफ्टवेअरचा सेटअप सापडला तर तोही तिच्यावर टाका आणि ती घरी नेऊन ठेवा, दुकानात नको.